भाड्याने द्यायला घर घेताय? मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन बघा

एजंट घर दाखवायला सकाळी दहाला बोलावतो, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. त्याला सांगा, “भाऊ, मी दुपारी तीनला येते.” जमलं तर मे महिन्यातल्या दुपारी. भुसावळ-जळगावचा पारा तेव्हा ४५ अंशांवर जातो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंखा लावून दहा मिनिटं उभं राहा. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. हात टेकवत नसेल, तर तिथं येणारा भाडेकरू दुसरा उन्हाळा काढणार नाही. आणि भाड्याच्या घरात पैसा बुडतो तो दुरुस्तीत नाही, कुलूप लागलेल्या महिन्यांत बुडतो.

मी भुसावळची. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. २००१ साली घरामागच्या दोन खोल्या पहिल्यांदा भाड्याने दिल्या. २०१२ मध्ये वर मजला चढवून दोन बिऱ्हाडांची सोय केली आणि २०१६ ला जळगावात पिंप्राळ्याकडे एक वन बीएचके घेतला. भाड्याची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. हल्ली नात्यातली मुलं पुण्याहून फोन करतात, “काकू, जळगावला एक फ्लॅट घेऊन ठेवू का? भाडं येत राहील.” त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

आधी भाडेकरू ठरवा, घर मागाहून

तुमच्या घरात कोण राहायला येणार, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. “कुणीतरी येईलच” हे उत्तर नाही. आमच्या भुसावळला रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, मोठं जंक्शन आहे. आयुध निर्माणी आहे, वरणगावची वेगळी. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. म्हणजे बदलीवर येणारा पगारदार माणूस हा इथला भाडेकरू. जळगावात खोटेनगरकडे गेलात तर बांभोरीच्या विद्यापीठाची मुलं, अजिंठा रोडला एमआयडीसीतले कामगार, सरकारी मेडिकल कॉलेजच्या आसपास डॉक्टर आणि नर्सबाया. धुळ्यात देवपूरला कॉलेजची मुलं. प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि ती तुम्हाला घर घेण्याआधी माहीत हवी.

आमच्याकडे रेल्वेचे रनिंग स्टाफवाले खूप राहिले. लोको पायलट रात्रभर गाडी चालवून सकाळी येतो आणि दिवसा झोपतो. त्याला दुपारी गार राहणारी, शांत खोली हवी. एकदा मी अशा मुलाच्या डोक्यावर दोन लहान लेकरांचं बिऱ्हाड ठेवलं. लेकरं दिवसभर धावायची. तो बिचारा चार महिन्यांत खोली सोडून गेला. तक्रार एका शब्दाने केली नाही, जाताना फक्त म्हणाला, “काकू, झोप होत नाही, आणि झोप झाली नाही तर सिग्नल नीट दिसत नाही.” हे ऐकून मला फार लागलं. तेव्हापासून वर कोण आणि खाली कोण, हे मी भाडं ठरवायच्या आधी ठरवते.

हिशोब असा मांडा

माझ्याच फ्लॅटचे आकडे देते. किंमत २४ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून २५ लाख ७० हजार गेले. पहिलं भाडं ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,०००. कागदावर हे पावणेतीन टक्क्यांच्या जरा वर दिसतं. पण पहिल्या वर्षात सोसायटीचा मेन्टेनन्स ८,४०० गेला, घरपट्टी ४,२००, दोन भाडेकरूंच्या मध्ये दीड महिना कुलूप राहिलं त्याचे ९,००० आणि नळ, वायरिंग, रंग यांचे ६,०००. हातात राहिले ४४,४००. पावणेदोन टक्के. तेच पैसे बँकेत मुदत ठेवीला ठेवले असते तर कितीतरी जास्त आले असते.

आता वरच्या मजल्याचं ऐका. २०१२ साली ७ लाख ४० हजारांत दोन बिऱ्हाडं उभी राहिली. प्रत्येकी २,२०० भाडं, वर्षाचे ५२,८००. पहिल्याच वर्षी सात टक्क्यांच्या वर, आणि आज प्रत्येकी ५,००० येतात. फरक कशाचा? जागेचा. प्लॉटचे पैसे आम्ही आधीच फेडलेले होते, नवा खर्च फक्त विटा-सिमेंट-मजुरीचा. म्हणून ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला माझा पहिला सल्ला, नवा फ्लॅट शोधण्याआधी आपल्या गच्चीकडे बघा. नगरपालिकेची बांधकाम परवानगी घ्या, आणि त्याही आधी इंजिनिअरला पाया दाखवा. जुनी घरं पुष्कळदा लोड बेअरिंगची, म्हणजे सगळा भार भिंतींवर असलेली असतात, त्यांना दुसरा मजला झेपेलच असं नाही. कॉलमचं घर असेल तर काम सोपं.

“कर्ज काढू आणि भाड्यातून हप्ता फेडू” हे मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. १८ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण १५,६०० रुपये. माझ्या त्या फ्लॅटचं आजचं भाडं ८,५०० आहे. उरलेले सात हजार दर महिन्याला पगारातून जाणार आणि कुलूप लागलेल्या महिन्यात पूर्ण हप्ताच अंगावर येणार. पगाराला हे झेपत असेल तर जरूर घ्या. जागेची किंमत वाढेल ही आशा ठेवायलाही हरकत नाही, पण तो हिशोब वेगळ्या पानावर लिहा. भाड्याच्या पानावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या रकमाच असू द्या.

पाणी

खान्देशात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण बाहेर राहणारे विसरतात. घर बघताना एजंटला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा, “ताई, पाणी किती दिवसांनी येतं? आणि मे महिन्यात?” दोन्ही प्रश्न वेगळे विचारा, उत्तरंही वेगळी मिळतील. पाच दिवसांनी येत असेल तर हिशोब करा. चार माणसं, माणशी शंभर लिटर, पाच दिवस, म्हणजे दोन हजार लिटर साठवायची सोय एका बिऱ्हाडाला हवी. त्यात उन्हाळ्यात कूलर. आमच्याकडचा मोठा कूलर दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज पितो. जमिनीतली टाकी किती मोठी, वरची किती, मोटर कुणाची आणि तिचं बिल कोण भरणार, हे सगळं घर घेण्याआधी विचारून घ्या. फ्लॅट असेल तर उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये आहेत की वेगळे घेतात, हेही.

बोअरचं पाणी असेल तर नळाचं तोंड बघा. पांढरा खरखरीत थर साचलेला असेल तर पाणी क्षाराचं आहे. गिझरची कॉईल आणि फ्लशचा व्हॉल्व्ह दर दोन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. प्यायला वेगळी सोय लागेल.

कूलरवरून एक गोष्ट. प्रत्येक भाड्याच्या खोलीला कूलर बसेल अशी एक खिडकी हवी, बाहेरून लोखंडी स्टँड हवा आणि त्याच्या शेजारी प्लग. हे नसेल तर भाडेकरू ग्रिल कापतो, वायर दारातून ओढतो, पाणी भिंतीवरून ओघळत राहतं आणि प्लास्टर फुगतं. मी २०१२ चं बांधकाम करताना दोन्ही बिऱ्हाडांना उत्तरेकडे कूलरची खिडकी ठेवली. खर्च काही हजारांचा झाला, पण ती खिडकी बघूनच तीन भाडेकरूंनी खोली पसंत केली. गच्चीला दर होळीनंतर पांढरा चुना मारून घेते. खोलीतला फरक हाताला कळतो.

विजेचं मीटर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळंच घ्या. महावितरणचे दर युनिटच्या टप्प्यांनी चढतात. दोन घरांचा वापर एका मीटरवर पडला की दोघंही महागड्या टप्प्यात जातात, मग बिलावरून भांडणं. आणि मीटर तुमच्या नावावर असतं, म्हणून थकबाकीही शेवटी तुमच्याच दारात येते. दर महिन्याला बिल भरल्याचा फोटो मागून घ्यायची सवय ठेवा.

काळी माती

आपल्याकडे तापीकाठची काळी जमीन कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी, पण घराला कठीण. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराच्या पायाखाली असते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि भिंतीवर वर चढत जाते. उभी-आडवी केसासारखी रेष प्लास्टरची असते, तिची काळजी नको. तिरपी, आत बोटाचं नख शिरेल एवढी भेग दिसली की थांबा. विकणारा ती भरून वरून रंग मारून ठेवतो. म्हणून एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर विचारा. गल्लीतली आजूबाजूची चार घरंही बघा. त्यांच्या कंपाउंडच्या भिंती वाकड्या झालेल्या असतील तर जमीन कशी आहे ते कळतं.

नवं बांधणार असाल तर मुरूम लागेपर्यंत खोदा, गवंड्याने “एवढं पुरे ताई” म्हटलं तरी इंजिनिअर सांगेल तिथपर्यंत. घराच्या चारी बाजूंनी फरशीचा पट्टा करून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. आमच्या मागच्या खोल्यांना हा पट्टा नव्हता. तो २००६ साली केला, त्यानंतर भेग वाढली नाही.

कागद

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांचा तपास, घ्या, हे सगळेच सांगतात. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा), फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा कागद आहे का ते बघा, नाहीतर कर्ज मिळायला आणि पुढे विकायला अडचण येते. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे वकील सांगतीलच.

मी आणखी एक गोष्ट आवर्जून बघायला लावते. जमीन वडिलोपार्जित असेल तर जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वारसांची नावं वाचा. किती भाऊ आणि किती बहिणी? बहिणींच्या सह्या आहेत का, की त्यांची नावंच लागलेली नाहीत? आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीकडून तलाठ्याकडच्या कागदावर सही घेतात आणि तिला काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिची सही नसलेली किंवा तिला न सांगता घेतलेली सही असलेली जमीन घेऊ नका. उद्या दावा लागेल हे एक कारण आहेच. दुसरं असं, की दुसऱ्या बाईच्या हिश्शावर उभं राहिलेल्या घराचं भाडं मला तरी नको.

घर घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २४ लाखांवर २४,००० रुपये होतात. सोडू नका.

भाडेकरार, आणि माझी चूक

२००९ मध्ये मागच्या खोल्या एका कुटुंबाला दिल्या. एजंटने स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून आणला, नोटरी केला, झालं. अकरा महिने असले की रजिस्टर करावं लागत नाही, असं तो म्हणाला आणि मी ऐकलं. सहा महिने भाडं नीट आलं, मग थांबलं. करार संपला तरी ते हलले नाहीत. वकिलाकडे गेले तेव्हा कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकालाच दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नात्यातले म्हणाले, पाणी तोडा, वीज तोडा. तेही कायद्याने चालत नाही आणि त्या घरात दोन शाळकरी मुली होत्या. मी तोडलं नाही. चौदा महिन्यांनी, सगळं थकलेलं भाडं सोडून देऊन, ते घर रिकामं झालं.

आता प्रत्येक करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदत राहायच्या परवानगीचा, ऑनलाइन नोंदणीचा. खर्च ऐकून लोक घाबरतात, म्हणून आकडा देते. भाडं ५,०००, मुदत २४ महिने, अनामत १५,०००. एकूण भाडं १,२०,०००. त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे ३,००० मिळवायचे. १,२३,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. वर करून देणाऱ्याची मजुरी. दोन वर्षांच्या शांत झोपेला हे काहीच नाही. असा करार असला आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहील तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा, पोच जपून ठेवा.

भाड्याची पावती दर महिन्याला द्या. नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्यासाठी ती लागते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर तुमचा पॅनही लागतो. म्हणून भाडं रिटर्नमध्ये दाखवाच. भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा होतात, कर्ज असेल तर व्याज. बहुतेकांच्या डोक्यात असतो त्यापेक्षा कर कमी निघतो.

करार कधी संपतो हे बघा

कुटुंबं घर बदलतात ती परीक्षा झाल्यावर, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत. विद्यार्थी जुलै-ऑगस्टला येतात. डिसेंबरात रिकामी झालेली खोली माझ्याकडे एकदा साडेतीन महिने पडून होती. म्हणून नोव्हेंबरात कुणी आलं तर मी करार अठरा-एकोणीस महिन्यांचा करते, म्हणजे तो मे अखेरीला संपतो. विद्यार्थ्यांचा जूनअखेर.

गच्चीचंही करारात लिहा. आपल्याकडे बाया खोली बघताना आधी विचारतात, “काकू, वाळवणाला गच्ची मिळेल ना?” उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे घालायला आणि रात्री झोपायला गच्ची लागते. ती मोकळ्या मनाने द्या, त्यावर भाडेकरू वर्षानुवर्षं टिकतात. एक अट घाला, गच्चीच्या फरशीवर विस्तव नको. हिवाळ्यात भाडेकरू मुलांनी कपाशीच्या काड्या पेटवून गच्चीवर भरताची वांगी भाजली. भरीत मलाही ताटभर आलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी कोबा तडकून खालच्या खोलीत पाणी उतरलं, दुरुस्तीला ११,००० लागले. आता मागच्या अंगणात चार विटांची चूल मांडून दिली आहे, भरीत तिथं होतं.

भाडेकरू जायला निघाला की मी त्याच्यासोबत खोलीत जाते. मीटरचं रीडिंग दोघांच्या फोनमध्ये फोटो काढून घ्यायचं, नळ सोडून बघायचे, कूलर काढलेली खिडकी लावून बघायची. चाव्या मोजून घ्यायच्या. काही कापायचं असेल तर ते तिथंच आकड्यासकट सांगायचं आणि उरलेली अनामत त्याच दिवशी, सामान टेम्पोत चढायच्या आत, परत करायची. त्याच्या नव्या घरमालकाला ती आजच द्यायची असते. मग दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवते, टाकी घासून घेते आणि रंगाऱ्याला फोन लावते.